एकच रायफल, हरीण आणि एल्क दोन्ही: काडतुसांवरचे वाचकांचे प्रश्न

उन्हाळाभर तुमची पत्रं तंबू आणि बुटांबद्दल असतात आणि ऑगस्ट लागला की सगळ्यांना एकदम काडतुसं आठवतात. यंदा तर इतकी पत्रं आलीत की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही, त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि काही थोडक्यात उरकलेत. बहुतेक पत्रं अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींची आहेत, तेव्हा नियम, टॅग (एक जनावर मारायचा परवाना), लायसन्स सगळं तिथलंच समजा.

प्रश्न: डेन्व्हरजवळ राहतो, ग्रीन कार्ड आहे, हंटर एज्युकेशन कार्ड हातात आहे. यंदा ड्रॉमध्ये म्यूल डिअर या हरणाचा बक (नर) आणि एल्कची मादी असे दोन्ही टॅग लागले. रायफल एकच घ्यायची आहे. ऑफिसमधला मित्र म्हणतो एल्क म्हणजे .३०० विन मॅगच (विंचेस्टर मॅग्नम), दुकानदार ६.५ क्रीडमोर गळ्यात मारतोय, आणि शेजारचे आजोबा म्हणतात थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६) सोडून कशाला हात लावू नकोस. डोकं फिरलंय. काय घेऊ?

उत्तर: गंमत म्हणजे तिघंही चूक नाहीत, म्हणूनच तुमचा घोळ होतोय. आधी जनावर बघू. म्यूल डिअरचा चांगला नर सत्तर ते शंभर किलोच्या आसपास असतो. एल्कची मादी साधारण सव्वादोनशे किलो आणि नर सव्वातीनशेच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या चांगल्या पोसलेल्या सांबराच्या बरोबरीचा किंवा थोडा वरचढच. हाड जाड, फऱ्यावरचं मांस जाड, कातडी आणि केस जाड, आणि वर स्वभावाने चिवट. पण तरी ते जनावरच आहे हो, रणगाडा नाही. दोन्ही फुप्फुसांतून चांगली फुलणारी (आत शिरल्यावर पसरणारी) गोळी आरपार गेली की एल्क पडतोच, मग नळीवर कुठला आकडा कोरलेला होता त्याने फार फरक पडत नाही. आणि आतड्यात लागली तर .३०० मॅग्नमनेसुद्धा तो मैलभर जातो, आणि मग तुम्ही अंधारात टॉर्च घेऊन माग काढत बसता.

आता कायदा. कोलोराडोत बिग गेमसाठी म्हणजे मोठ्या जनावरांसाठी रायफल कमीत कमी .२४ कॅलिबरची म्हणजे ६ एमएम व्यासाची लागते, गोळी फुलणारी हवी, हरणासाठी निदान ७० ग्रेन आणि एल्कसाठी ८५ ग्रेन वजनाची, आणि १०० यार्डांवर तिच्यात १००० फूट-पाउंड ऊर्जा शिल्लक हवी. म्हणजे कायद्याने .२४३ विंचेस्टरसुद्धा एल्कला चालतं. पण कायदा सांगतो ती तळाची मर्यादा, त्याला सल्ला समजू नका. साधारण शिकारी लोकांत हरणाला १००० आणि एल्कला १५०० फूट-पाउंड असा एक ठोकताळा चालतो, तो काही विज्ञान नाही, पण नवख्या माणसाला अंदाज यायला बरा आहे.

त्या ठोकताळ्याने बघितलं तर .३०८ विंचेस्टरची १६५ ग्रेनची गोळी नळीतून साधारण २७०० फूट प्रति सेकंदाने निघते, म्हणजे साडेसव्वीसशेच्या वर फूट-पाउंड, आणि ३०० यार्डांवर सोळाशेच्या आसपास उरते. .३०-०६ ची १८० ग्रेन तेवढ्याच वेगाने, म्हणजे नळीच्या तोंडाशी २९०० फूट-पाउंड. .२७० ची १३० ग्रेन ३०६० ने, पण तीच .२७० एल्कला न्यायची तर मी १४० किंवा १५० ग्रेन घालीन. ७एमएम-०८ ची १४० ग्रेन २८६० ने. आणि .३०० विन मॅगची १८० ग्रेन २९६० ने, तोंडाशी साडेतीन हजार. आकडे बघून .३०० चा मोह होणारच. पण ही ऊर्जा फुकट येत नाही ना, ती तुमच्या खांद्यातूनही वसूल होते. आठ पाउंडाच्या रायफलीत .३०८ चा धक्का सोळा-सतरा फूट-पाउंडाचा, .३०-०६ चा वीसच्या आसपास, .३०० चा पंचवीसच्या वर. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण रेंजवर वीस काडतुसांची पेटी संपवताना दहाव्या काडतुसापासून माणूस डोळे मिटायला लागतो.

आणि खरी गोम इथेच आहे. धक्क्याची भीती बसली की माणूस चाप ओढायच्या ऐन क्षणी खांदा पुढे ढकलतो आणि नळीचं तोंड खाली जातं. त्याला स्वतःला ते कळत नाही, कारण पुढच्याच क्षणी बार होतो आणि सगळं त्या धक्क्यात लपून जातं. ओळखायचं कसं, तर रेंजवर मित्राला रायफल भरायला सांगा, त्याने मधूनच तुम्हाला न सांगता डमी काडतूस सरकवायचं. तुम्ही नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला आणि बार न होता नुसतं ‘टक’ झालं, त्या क्षणी स्कोपमधली क्रॉसहेअर (नेमाची फुली) दोन इंच खाली झुकली तर समजायचं की रोग लागलाय. मॅग्नमवाल्या नवख्यांपैकी पुष्कळ जणांना तो लागलेला असतो, आणि ते बिचारे स्कोपला, गोळीला, हवेला दोष देत बसतात.

तर तुमच्यासाठी माझं मत .३०८ ला. सरावाची काडतुसं स्वस्त मिळतात, डोंगरातल्या कुठल्याही गावात हार्डवेअरच्या दुकानात सापडतात, छोट्या ॲक्शनमुळे (काडतूस भरायच्या यंत्रणेमुळे) रायफल जरा हलकी आणि आखूड होते, आणि दहा हजार फुटांवर धापा टाकत चढताना ते बरं असतं. धक्का त्याहून कमी हवा असेल तर ७एमएम-०८. आजोबांची थर्टी-ऑट-सिक्स पण झकास आहे, घेतलीत तर मी नाही म्हणणार नाही. .३०० विन मॅगबद्दल मित्राला सांगा की दोन-तीन सीझन झाले आणि २५० यार्डांपलीकडे बसून नेम धरायची सवय झाली की मग बघू. आणि मादीच्या टॅगवर तर त्याची गरजच नाही.

प्रश्न: हे आकडे नक्की कशाचे आहेत? .३०-०६, .३०८, ७एमएम-०८, मग .२७०, कुठे इंच, कुठे मिलिमीटर, आणि ‘ग्रेन’ म्हणजे बारुदाचे दाणे का?

उत्तर: नाही, ग्रेन हे वजन. एका पाउंडात ७००० ग्रेन, म्हणजे १८० ग्रेनची गोळी साधारण पावणेबारा ग्रॅमची. पेटीवर लिहिलेले ग्रेन गोळीचे असतात, आतल्या पावडरचे नाही.

बाकी आकड्यांना एकच नियम नाही, हे एकदा मान्य करून टाका. .३०-०६ म्हणजे ३० कॅलिबर, अमेरिकन सैन्याने १९०६ साली घेतलेलं. .३०८ ची गोळी खरोखरच .३०८ इंच व्यासाची, पण गंमत अशी की .३०-०६ आणि .३०० विन मॅगची गोळीही तेवढ्याच व्यासाची, फरक केस (काडतुसाची पितळी नळी) केवढी आणि तिच्यात पावडर किती मावते त्याचा. .२७० ची गोळी .२७७ इंचाची असते. १९५२ साली बाजारात आलेल्या .३०८ ची मान आवळून ६ एमएमची गोळी बसवली की १९५५ चं .२४३ होतं, आणि ७ एमएमची बसवली की १९८० चं ७एमएम-०८. त्यामुळे ही तिघं सख्खी भावंडं. दुकानात जाताना हे पाठ नसलं तरी चालतं, फक्त एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून करा: नळीवर जे कोरलंय आणि काडतुसाच्या बुडावर जे उमटवलंय ते अक्षरशः एकच असलं पाहिजे. .३०८ चं काडतूस .३०-०६ च्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या खाचेत) शिरतं आणि उडूही शकतं, पण मागे आधार नसलेली केस फाटते आणि गरम गॅस तुमच्या तोंडाच्या दिशेने येतो. टेबलावर दोन कॅलिबरच्या पेट्या शेजारी शेजारी ठेवायच्याच नाहीत.

प्रश्न: ६.५ क्रीडमोर एल्कला पुरतं का हो? एक गट म्हणतो लेझर आहे, दुसरा म्हणतो उंदीर मारायला ठीक.

उत्तर: दोन्ही गट अतिशयोक्तीत. हॉर्नाडी कंपनीने हे काडतूस २००७ च्या सुमाराला आणलं ते मुळात टार्गेट स्पर्धेसाठी. लांब, निमुळती गोळी, हवा कमी अडते, म्हणून निघताना वेग मध्यमच, २७०० च्या आसपास, पण तो टिकतो. १४३ ग्रेनची शिकारीची गोळी ३०० यार्डांवर साडेसोळाशे फूट-पाउंड राखते. आता वर .३०८ च्या १६५ ग्रेनचा आकडा बघा, जवळजवळ तोच! आणि धक्का मात्र बारा-तेराचा. त्यामुळे उंदीरवाल्यांनी जरा शांत बसावं. स्वीडनमध्ये तर ६.५x५५ हे १८९४ चं काडतूस, ताकदीने याच्याच जवळपासचं, आणि तिथले लोक शंभराहून जास्त वर्षं त्याने मूस मारतायत, जो एल्कपेक्षाही मोठा.

पण लेझरवाल्यांसाठीही एक गोष्ट. गोळी बारीक आणि हलकी आहे, म्हणजे चुकीला माफी कमी. एल्क तिरका तोंडाकडून उभा आहे आणि मध्ये खांद्याचं हाड आहे, अशा वेळी ३० कॅलिबरची १८० ग्रेनची मजबूत गोळी जे खपवून घेईल ते ही घेईलच असं नाही. तेव्हा ६.५ ने एल्क म्हणजे बाजूने उभा, ३०० यार्डांच्या आत, गोळी बॉन्डेड किंवा कॉपरची (दोन्हींबद्दल पुढच्या उत्तरात), आणि तसा चान्स मिळाला नाही तर बोट चापावरून काढून घ्यायचं. एवढं पाळायची तयारी असेल तर खुशाल न्या. हरणाला तर काही प्रश्नच नाही.

प्रश्न: माझ्याकडे .३०-०६ आहे. दुकानात त्याच कॅलिबरच्या दहा वेगवेगळ्या पेट्या, काहींची किंमत दुप्पट. महागडी घेतल्याने खरंच काही होतं का? आणि कॉपरच्या गोळ्यांचं काय प्रकरण आहे?

उत्तर: हा प्रश्न कमी लोक विचारतात आणि मला विचाराल तर कॅलिबरच्या प्रश्नापेक्षा हा मोठा आहे. शेवटी जनावरात केस जात नाही, रायफल जात नाही, जाते फक्त ती गोळी.

गोळीला दोन उलट कामं एकाच वेळी करायची असतात. फुलायचंही असतं, म्हणजे आत मोठी जखम व्हावी, आणि एकसंधही राहायचं असतं, म्हणजे खोलवर पोचावी. साधी कप-अँड-कोअर गोळी, म्हणजे तांब्याच्या पातळ कवचात शिसं, ती हरणाला उत्तम. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून आहे आणि तिने किती हरणं पाडली असतील त्याचा हिशेब नाही. पण जवळून, पूर्ण वेगात, एल्कच्या फऱ्याच्या हाडावर आदळली की अशी गोळी फुटून तुकडे तुकडे होऊ शकते. जॉन नॉसलर नावाच्या शिकाऱ्याच्या बाबतीत १९४६ मध्ये हेच झालं. ब्रिटिश कोलंबियात अंगावरचा चिखल वाळून कडक झालेल्या मूसवर त्याच्या गोळ्या कातडीतच फुटत राहिल्या, आत पोचेचनात. घरी येऊन त्याने अशी गोळी बनवली की मध्ये तांब्याची आडवी भिंत, पुढचा भाग फुलतो आणि मागचा तसाच आत घुसत राहतो. तीच पार्टिशन, १९४८ मध्ये त्यावर कंपनी उभी राहिली आणि आजही एल्कसाठी डोळे मिटून घ्यावी अशी ती गोळी आहे. नंतर बॉन्डेड आल्या, ज्यात शिसं कवचाला चिकटवलेलं असतं, आणि मग १९८९ मध्ये बार्न्स कंपनीची एक्स, जी पूर्ण तांब्याची, शिसं नाहीच. तिच्या आजच्या नाती टीएसएक्स आणि टीटीएसएक्स.

कॉपरचे फायदे दोन. एक म्हणजे वजन जवळजवळ सगळं टिकतं, त्यामुळे खोल जाते, एल्कलाही बहुतेक वेळा आरपार. दुसरं मांसाचं. शिशाची गोळी फुटली की बारीक कण जखमेपासून बरेच इंच लांब उडतात, डोळ्याला दिसत नाहीत, खिम्यात मिसळतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात शिकाऱ्यांनी गरिबांच्या अन्नकेंद्रांना दान दिलेल्या हरणाच्या खिम्यात असे कण सापडले आणि तो टाकून द्यायला सांगितला गेला होता. घरात लहान मुलं ते मटण खाणार असतील तर मी कॉपरच वापरीन. कॅलिफोर्नियात तर पर्यायच नाही, १ जुलै २०१९ पासून तिथे कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही.

कॉपर घेताना एक करा, वजन एक पायरी खाली या. तांबं शिशापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि कडक असल्यामुळे तिला फुलायला वेग जास्त लागतो. म्हणजे .३०-०६ मध्ये १८० ऐवजी १६५ किंवा १५०. लांबवर, वेग १८०० फूट प्रति सेकंदाच्या खाली गेला की ती पेन्सिलीसारखं भोक पाडून निघून जाण्याची शक्यता वाढते. आणि नवीन पेटी आणली की रायफल पुन्हा झीरो करायची (स्कोपचा नेम गोळीशी जुळवायचा), आधीची शिशाची गोळी १०० यार्डांवर जिथे लागत होती तिथेच ही लागेल अशा भ्रमात राहू नका.

किंमतीचं म्हणाल तर हरणाला स्वस्त पेटी, एल्कला महाग पेटी, इतकं सोपं आहे. आख्ख्या सीझनमध्ये जनावरावर दोन-तीन गोळ्या लागतात हो, तिथे काय पैसे वाचवायचे!

प्रश्न: मुलगी तेरा वर्षांची, अंगाने बारीक. मिनेसोटात व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला घेऊन जायचंय. .२४३ ठीक ना?

उत्तर: ठीक. ९५ किंवा १०० ग्रेनची शिकारीची गोळी घ्या. त्याच कॅलिबरमध्ये ५५-५८ ग्रेनच्या गोळ्याही मिळतात, त्या कोल्ह्या-कायोटीसाठी, हरणावर त्या वरच्यावर फुटतात, ती पेटी चुकून उचलू नका. पुढे कधी तिला एल्कलाही न्यायचा विचार असेल तर ७एमएम-०८ घेऊन आत्ता कमी धक्क्याची काडतुसं वापरा आणि मोठी झाली की नेहमीची, म्हणजे रायफल बदलावी लागणार नाही.

पण कॅलिबरपेक्षाही आधी दस्त्याची लांबी बघा. मोठ्या माणसाचा दस्ता तिच्या खांद्याला लावला की हात ताणला जातो, मान पुढे जाते, स्कोपशी डोळा जुळत नाही आणि मग धक्का नीट खांद्यावर न बसता दंडावर बसतो. एकदा दुखलं की ती पुन्हा हात लावणार नाही. यूथ मॉडेल मिळतात, किंवा मध्ये स्पेसर घालून दस्ता वाढवता येतो. सुरुवात .२२ ने करा, भरपूर. आणि रेंजवर कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही. धक्का कमी होतो म्हणून दुकानदार नळीच्या तोंडावर मझल ब्रेक (छिद्रांचा तुकडा) लावून देतील, तो धक्का कमी करतोही, पण सगळा आवाज बाजूला आणि मागे फेकतो, शेजारी बसलेल्या तुमच्या कानाचं वाटोळं.

प्रश्न: पुण्याहून लिहितेय. आपल्याकडे शिकारीवर बंदी आहे आणि तुम्ही उघड उघड काडतुसं कसली निवडताय? मासिकात हे छापणं योग्य आहे का?

उत्तर: राग समजू शकतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मलाही वाटतं, कारण आपली जंगलं आणि जनावरं उरली किती. अमेरिकेतलं गणित वेगळं आहे. किती टॅग काढायचे हे राज्याचं वन्यजीव खातं जनावरांची संख्या बघून ठरवतं, आणि खात्याचा मोठा खर्च लायसन्सच्या पैशातून आणि बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय करातून निघतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो पैसा वन्यजीवांसाठीच जातो. एवढ्याने तुमचं मत बदलावं असा आग्रह नाही. पण जे जाणारच आहेत त्यांनी जनावराला तडफडत ठेवू नये, एवढ्याचसाठी ही उत्तरं.

प्रश्न: एच-वन-बी वर आहे. मित्राची रायफल घेऊन जाऊ शकतो का? की आधी काडतुसं घेऊन ठेवू?

उत्तर: थांबा. आधी लायसन्स, मग बाकी सगळं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूकच नाही, काडतुसंसुद्धा बाळगायला बंदी आहे. एच-वन, एच-फोर, विद्यार्थ्यांचा एफ-वन, सगळे त्यात आले. त्याला काही अपवाद आहेत, आणि आपल्या कामाचा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. ते खिशात असेल तर चालतं. पण त्याची मुदत संपली आणि रायफल किंवा उरलेली अर्धी पेटी तुमच्या कपाटात राहिली तर तुम्ही गुन्ह्यात सापडू शकता, आणि व्हिसावर असताना असल्या भानगडीचे परिणाम काय होतात ते तुम्हाला सांगायला नको. राज्याचे आणखी नियम असतात ते वेगळेच. काडतुसांचा वाद घालण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन करा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

प्रश्न: व्हिडिओत लोक ६०० यार्डांवरून एल्क पाडतात. तेवढ्या लांबसाठी ७एमएम रेम मॅग घ्यावी की .३०० विन मॅग?

उत्तर: दोन्ही पोचतात, ७एमएम १९६२ ची आणि .३०० १९६३ ची, दोन्ही तावून सुलाखून निघालेल्या. प्रश्न काडतुसाचा नाहीच. ५०० यार्डांवर गोळीला पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात एल्कने सहज एक पाऊल टाकलं तरी छातीवर धरलेला नेम पोटावर जातो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा .३०-०६ सारख्या गोळीला तेवढ्या अंतरावर दीड फूट तरी ढकलतो, आणि दरीच्या पलीकडचा वारा तुमच्या गालाला लागत नाही. व्हिडिओवाले चुकलेली दाखवत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

तुमचं अंतर कसं ठरवायचं ते सांगतो. कागदी जेवणाची प्लेट घ्या, हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण आठ इंचांचा असतो, प्लेट त्याच्याच जवळपास. एल्कचा बारा-चौदा इंच, पण सराव प्लेटवरच करा. बेंचवरून नाही, जमिनीवर बसून, काठ्यांचा आधार घेऊन, आणि आधी शंभर पावलं पळून या म्हणजे छाती धडधडत असेल. ज्या अंतरावर पाचही गोळ्या प्लेटवर बसतात ते तुमचं अंतर. पुष्कळांचं ते दोनशेच्या आत निघतं, त्यात लाज कसली. २०० ला झीरो केलेली कुठलीही नेहमीची रायफल, .२७० घ्या, ६.५ घ्या, .३०-०६ घ्या, ३०० ला सहा-सात ते आठ-नऊ इंच खाली लागते. म्हणजे ज्या फरकासाठी लोक रात्र रात्र भांडतात तो दोन-तीन इंचांचा!

आणि नेम बरोबर लागला तरी एल्क चित्रपटासारखा कोसळत नाही. दोन्ही फुप्फुसं गेलेला एल्क पुष्कळदा नुसता उभा राहतो, जणू काही झालंच नाही, पाठ जराशी वाकते, मग दोन-चार पावलं टाकतो. नवख्याला वाटतं चुकलं, आणि तो रायफल खाली ठेवून दुर्बीण शोधतो. असं करायचं नाही. बोल्ट ओढून पुढचं काडतूस भरा, पुन्हा नेम धरा, उभा आहे तोवर परत मारा. नजरेआड झाला तर जिथे उभा होता तिथलं झाड लक्षात ठेवून अर्धा तास बसून राहा. मग जाऊन बघा, गुलाबी फेसाळ रक्त असेल तर तो जवळच पडलाय. हिरवट, वास येणारं असेल तर आतड्यात लागलीय, तिथूनच मागे फिरा आणि कित्येक तास थांबा, लगेच पाठलाग केलात तर तो घाबरून आणखी लांब जाईल.

प्रश्न: सासऱ्यांच्या शेजाऱ्याने जुनी .३०-३० लिव्हर ॲक्शन दिलीय. हसू नका, चालेल का?

उत्तर: हसतंय कोण! १८९५ चं काडतूस आहे आणि दाट झाडीत दीडशे यार्डांच्या आत हरणासाठी आजही फर्स्ट क्लास. एल्कला शंभरच्या आत, १७० ग्रेन, बाजूने उभा असेल तरच. एक काळजी घ्या, या रायफलीत काडतुसं नळीखालच्या ट्यूबमध्ये एकामागे एक असतात, मागच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरला (बुडातल्या स्फोटक टिकलीला) टेकतं, म्हणून चपट्या तोंडाच्या गोळ्याच घाला. टोकदार फक्त त्या, ज्यांचं टोक मऊ प्लास्टिकचं आहे आणि ज्या लिव्हर ॲक्शनसाठीच बनवल्यात.

प्रश्न: ओहायोत राहतो. .३०८ घेतली आणि आता कोणीतरी म्हणतं हरणाला चालत नाही!

उत्तर: बरोबर म्हणतायत. ओहायोत हरणासाठी मान आवळलेलं काडतूस चालत नाही, सरळ भिंतीची केस लागते, म्हणजे .३५० लेजंड, .४५० बुशमास्टर असली. सपाट, वस्तीचा मुलूख, गोळी फार लांब जाऊ नये म्हणून असे नियम. .३५० लेजंड २०१९ मध्ये आलं ते अशाच राज्यांसाठी, धक्काही कमी. तुमची .३०८ विकू नका, कधीतरी पश्चिमेला एल्कला जाल तेव्हा लागेल.

प्रश्न: न्यू जर्सीहून विमानाने मोंटानाला चाललोय, काडतुसं बरोबर नेता येतात का?

उत्तर: येतात, चेक-इन सामानात, कंपनीच्या पेटीत किंवा तशाच कप्प्यांच्या डब्यात. रायफल रिकामी, कडक कुलूपबंद केसमध्ये, आणि काउंटरवर स्वतःहून सांगायचं. बहुतेक विमान कंपन्या काडतुसांना ११ पाउंडांची मर्यादा घालतात. न्यू जर्सीचे स्वतःचे नियम कडक आहेत, ते घरातून निघायच्या आधी वाचा.

सामान उशिरा आलं तर काय, हा खरा प्रश्न. म्हणूनच मी पहिल्या उत्तरात .३०८ ला मत दिलं आणि .३०-०६ लाही नाही म्हटलं नाही. छोट्या गावात शेल्फवर हीच दोन, शिवाय .२७०, .२४३, आणि आता ६.५ क्रीडमोर हमखास असतात. नव्या फॅशनचं काहीतरी घेऊन गेलात आणि पेटी भलत्याच गावी पोचली तर आठवडा हॉटेलात काढावा लागेल. आणि पोचलात की आधी स्थानिक रेंजवर तीन गोळ्या मारून झीरो बघा, सामान फेकणाऱ्यांचा स्कोपवर काय राग असतो देव जाणे. दुसऱ्या ब्रँडची पेटी घ्यावी लागली असेल तर तीनऐवजी दहा मारा.